दोन घोट पाणी

उर्वशीनं रेकॉर्डिंग बंद केलं, मोबाइल पालथा ठेवला आणि यादीत नसलेला प्रश्न विचारला.

“काका, मारोतीकाकांनी शेवटी पाणी मागितलं होतं का?”

खाटेवर बसलेल्या पंजाबरावांनी तिच्याकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अर्पिता मॅडमनी मान वर केली.

उर्वशीची पीएच.डी. धुऱ्याच्या भांडणांवर होती. धुरा म्हणजे दोन शेतांमधला हातभर बांध, आणि त्याच्यापायी मारेगावकडची चांगली शहाणीसुरती माणसं कुऱ्हाड घेऊन एकमेकांच्या अंगावर जातात. का जातात, ते तिला शोधायचं होतं. पंजाबराव त्यातलेच, शेजारच्या मारोतीला मारून, शिक्षा भोगून परत आलेले. उर्वशीला एका संस्थेची फेलोशिप होती आणि शेवटच्या वर्षाची मंजुरी संस्थेकडून पाहणीला आलेल्या मॅडमच्या आजच्या भेटीवर अडकलेली होती. फेलोशिप गेली तर प्रबंध गुंडाळून दिग्रसला मामाच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरूनच होतं. संस्थेची अट मॅडमनी गाडीत पुन्हा एकदा ऐकवली होती. एका घरचं बोलणं दुसऱ्या घरी न्यायचं नाही, अक्षरसुद्धा नाही.

पण मारोतीच्या बायकोनं, मथुराबाईनं, मागच्या खेपेला उर्वशीला वाटेत गाठलं होतं. दोन्ही घरांचं पाणी तुटलेलं. नळावरसुद्धा एका घरची घागर दुसऱ्या घरच्या घागरीला लागू देत नव्हते, बोलणं तर दूरच.

“बोलीन मी तुह्या फोनात,” ती म्हणाली होती. “पण पहिले त्याले एवढं इचारून ये. मरतानी माह्या माणसानं पाणी मांगतलं होतं काय? लोकं म्हणतात, घाव बसला अन् गेला. मले त्याचा कोरडा घसाच दिसते.”

विचारणं म्हणजे काही सांगणं नव्हे, अशी उर्वशीनं स्वतःची समजूत घातली होती.

“मांगतलं,” पंजाबराव म्हणाले. “पाजलं मी. माह्याच कॅनमधलं. दोन घोट गेले पोटात.” त्यांनी तळहात धोतराला पुसला. “कोर्टात नाही सांगतलं. वकील म्हणे, बोलू नको.”

गल्ली ओलांडताना मॅडमनी तिचा दंड धरला.

“हे तिकडे जाता कामा नये, उर्वशी.”

“हो, मॅडम.”

मथुराबाई ओसरीवर बसली होती. तिचा मुलगा इंद्रजित बाजूला फवारणीचा पंप खोलून बसला होता. मथुराबाईनं काही विचारलं नाही. नुसती उर्वशीच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या बघण्यापुढे उर्वशीचा धीर सुटला.

“मागितलं होतं, मावशी. त्यांनी पाजलं.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मथुराबाईनं पदर तोंडावर ओढला आणि मोठ्यानं रडायला लागली. इतक्या वर्षांचं साचलेलं रडणं होतं ते. उर्वशीलाही भरून आलं. गेली खड्ड्यात ती अट, असं तिला त्या घडीला अगदी मनापासून वाटलं.

मग रडणं एकदम थांबलं.

“गिळलं त्यानं?”

“हो. दोन घोट.”

“म्हंजे जित्ता होता.”

उर्वशीनं मान हलवली.

“याची बैलबंडी तिथंच उभी होती. बंडीत काहून नाही घातलं? दवाखान्यात काहून नाही नेलं?” मथुराबाईचा आवाज चढला नव्हता आणि त्याचीच उर्वशीला भीती वाटली. “पाणी पाजत बसला अन् मरू देल्लं माह्या माणसाले.”

इंद्रजितनं पाना खाली ठेवला. फडक्याला हात पुसले आणि उठला. ओसरीवरून खाली उतरायच्या पायरीवर उर्वशी आडवी उभी राहिली.

“भाऊ, बसा ना.”

“बाजूले व्हा, ताई.”

“नाही होणार.”

मथुराबाई दोघांकडे पाहत होती. “भांडण कसं होते, हेच पाहाले आलती ना तू?” ती उर्वशीला म्हणाली. “पाहून घे आता.” मग तिनं लेकाचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

“आज नाही, बाबू.”

बाहेर आल्यावर मॅडम चालता चालता म्हणाल्या, “मला हे कळवावं लागेल. फेलोशिप थांबेल.”

“कळवा,” उर्वशी म्हणाली. “पण पंजाबकाकांना आधी सावध करायला हवं. कुठं पाहुण्यांकडे जाऊन राहा म्हणावं.”

मॅडम थांबल्या. वळणावर ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. त्यांनी हातानंच त्याला थांबायला सांगितलं आणि पंजाबरावांच्या घराकडे निघाल्या.

पंजाबराव दारातच उभे होते. मथुराबाईचं रडणं त्यांना इथवर ऐकू आलं असावं. मॅडम काही बोलायच्या आत त्यांनी उर्वशीला हळूच विचारलं,

“बरं वाटलं काय तिले आयकून?”