आबांचं डेरगं

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेलेली असताना, निंबा आबा आपल्या लेकीला धुळ्याचा बाजार दाखवायला घेऊन गेले. कुमुद नाशिकच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि सुट्टीला धरणगावला आली होती. आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून ती इस्तंबूलच्या छपराखालच्या बाजाराचं वर्णन करत होती. कधीतरी तो बघायला जायचं आहे, म्हणाली. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतलं लांब काबर जावानं? धुळाले शे ना!" सकाळी दोघं एस.टी.त बसले.

बाजार खरंच बघण्यासारखा होता. इंग्रजांच्या अमदानीतले लोखंडी खांब, उंच पत्र्याचं छप्पर, झरोक्यांतून उतरलेले उन्हाचे पट्टे आणि त्यांत तरंगणारी मिरचीची धूळ. कुमुद मान वर करून खांबांवरची नक्षी बघत होती आणि शिंकत होती. आबांचं छपराकडे लक्षच नव्हतं. ते माणसं बघत होते. एकाचं गाव विचार, दुसऱ्याच्या लसणाला नाव ठेव, तिसऱ्याच्या तराजूची थट्टा कर, असं करत ते मडकी विकणाऱ्या भागाबाईपाशी येऊन टेकले.

"काय जोयजे, आबा?"

"काहीच नही. पानी पाज. हाऊ मना पोऱ्या शे, नाशिकले कालेजमा शिकाडस. त्याले तुमनं मार्केट दखाडाले लई उनू."

भागाबाईने कुमुदला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पोऱ्या? मंग हाई साडी कोन्ही नेसेल शे?"

आजूबाजूचे गाळेवाले हसले. आबा सगळ्यांत मोठ्याने हसले, इतके की पाण्याचा ठसका लागला. कुमुदही हसली.

आबांना ती एकटीच. बायको लवकर गेली, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. कुमुदचं शाळेत नाव घातलं त्या दिवसापासून ते तिला पोऱ्या म्हणत, आणि मायेनेच म्हणत. लहानपणी तिला त्याचा तोरा वाटे. मोठी झाल्यावर मात्र तो शब्द कुठेतरी टोचू लागला. लेक म्हणून, त्यांच्या बोलीतली अंडेर म्हणून, आपण पुरलो नसतो का, असं मनात येई. बोलावं असं कितीदा ओठांवर आलं, पण समोरचा चेहरा एवढा खुशीत असायचा, की ते बोलणं ती पुढच्या खेपेवर ढकलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मळ्यात गेले. विहिरीवरचा पंप सुरू करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत.

पुढची अखाजी आली. खानदेशात अखाजीला पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. वर्षभरात गेलेल्या माणसासाठी मात्र नवं मोठं मडकं आणतात, त्याला म्हणायचं डेरगं. ते भरून त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवायचे. घरात हे काम मुलाचं. आबांना मुलगा नाही म्हणून त्यांच्या भावाने, रुपचंदकाकांनी, आपल्या मुलाला, भिकनला सांगून ठेवलं होतं.

"काका, मी भरणार," कुमुद म्हणाली.

काकांनी तोंडातली सुपारी गालात सारली. मग हळू आवाजात म्हणाले, "भर, बेटा. निंबा तुले पोऱ्याच म्हने. मंग आडकाठी कसानी?"

हवं होतं ते मिळालं. तरी तिला रात्रभर झोप लागली नाही.

डेरगं धरणगावातही मिळालं असतं. ती धुळ्याला गेली. छपराखाली डांगरांचे ढीग लागले होते, सगळा बाजार त्या गोड वासाने भरून गेला होता. भागाबाईने तिला लांबूनच ओळखलं. "उना का साडीवाला पोऱ्या! आबा कोठे शेतस?"

"डेरगं हवंय," कुमुद म्हणाली.

भागाबाईने हातातलं मडकं खाली ठेवलं. तिने मागच्या रांगेतून एक मोठं डेरगं काढलं, त्यावर बोटांनी वाजवून पाहिलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. "हासरा मानूस व्हता," ती म्हणाली. "कोन भरी?"

"मी."

"अंडेर भरस का कोठे?" शेजारची मिरचीवाली मधेच बोलली.

"तू गप वं!" भागाबाई तिच्यावर उखडली. "लेक कसानी? आबानी आठे बशीसन सांगेल शे, हाऊ मना पोऱ्या शे म्हनीसन. पोऱ्याच भरी!" आणि तिने डेरगं कुमुदच्या हातांत दिलं.

भागाबाई तिची बाजूच घेत होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. कुमुदने डेरगं पोटाशी धरलं. कितीतरी वर्षं ती आबांशीसुद्धा पुस्तकातलीच मराठी बोलत आली होती. आता तिच्या तोंडून त्यांची बोली आली, आणि ती भागाबाईसाठी नव्हती, मिरचीवालीसाठीही नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "मी पोऱ्या नही. मी तुमनी अंडेर शे. अंडेर म्हनीसनच भरसू."