बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं

एक स्क्रू उरला. कुठला, ते कळेना.

मावशीचा फोन. बाबा "हो, हो, बरं" म्हणाले आणि फोन सुनेच्या हातात देऊन टाकला.

स्पीकर मावेना, म्हणून मुलानं टीव्हीखालच्या कप्प्याची फळी करवतीनं कापली. भुसा गालिच्यात.

वरच्या मजल्यावरचं बाळ रडलं. सगळ्यात आधी मान वर केली ती बाबांनी.

"स्पीकर मोठा आहे की आपली खोली लहान?" सुनेनं विचारलं.

"दोन्ही," मुलगा म्हणाला. "तू जरा बाजूला हो."

सिनेमातलं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. गाड्या, वारा, संगीत बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. बाबा म्हणायचे, बोलणं कळत नाही. म्हणून मुलानं आधी आवाज वाढवला. मग तारा बदलल्या. मग जुना स्पीकर पुस्तकांवर तिरका ठेवला. आता हा नवा.

आई गेल्यापासून बापलेकांत एवढंच उरलं होतं: रविवारी सोफ्यावर शेजारी बसायचं आणि सिनेमाची टिंगल करायची. नायक रडला की बाबा म्हणायचे, "ह्याला कुणीतरी रुमाल द्या रे." हल्ली ते काहीच म्हणत नव्हते. मुलाला ते परत हवं होतं.

जुळणीसाठी एकेका स्पीकरमधून खरखर सोडायची असते. मुलानं सोडली. डावा. बाबांनी डावीकडे बोट केलं. मागचा उजवा, अगदी हळू. बाबांनी मागे न बघता अंगठा दाखवला. मधला. बोट मध्ये.

"बाप रे," सून म्हणाली. "मला तर तो मागचा ऐकूही नाही आला."

"बघ! कान ठणठणीत आहेत," मुलगा म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, बिघाड त्या डबड्यातच होता?"

सून हसता हसता थांबली. "अरे, पण मग..."

"मग काय? लाव सिनेमा."

पडद्यावर एक बाई दारात उभी राहून म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय. खाऊन घे." शब्द लख्ख. तिनं मध्ये घेतलेला श्वाससुद्धा.

मुलानं सिनेमा थांबवला. "बाबा, काय म्हणाली ती?"

बाबा हसले, पाहुण्यांकडे बघून हसावं तसे. "छान आवाज आहे."

"हो, पण म्हणाली काय?"

"छान."

मुलगा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "बाबा. ती म्हणाली, जेवण झाकून ठेवलंय."

बाबा त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, जणू त्याचीच समजूत घालत, हळूच म्हणाले, "बोलणं कळत नाही रे."

मुलानं रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. बाई पुन्हा दारात आली. पुन्हा तेच म्हणाली, या वेळी काचा थरथरल्या. बाबांनी कानांवर हात घेतले.

सुनेनं भिंतीवरचं बटण बंद केलं.

"डॉक्टरकडे नेऊ या," ती म्हणाली. "उद्याच. कानाच्या नाही."

मुलगा जमिनीवर आडवा होऊन कप्प्यात डोकावत होता. "आवाज घुमतोय इथे," तो म्हणाला. "थोडा पुढे ओढला की होईल. टॉर्च दे."

तिनं टॉर्च दिला नाही. बाबांनी मुलाचा पसरलेला हात बघितला, उठून टेबलावरचा टॉर्च घेतला आणि त्या हाताच्या दिशेनं उजेड धरून उभे राहिले.

बोलणं कळत नाही, हे बाबा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा टीव्ही बंद होता. तिघं जेवत होते.