बाळाचं माप

तो कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचा मेणाचा, प्लास्टरचा आणि गुलाबी हिरड्यांचा संसार होता. अशा माणसाच्या धाकट्याचा पहिला वाढदिवस तोंडावर आला, तरी बाळाच्या तोंडात एकही दात नव्हता. नातेवाईक हसायचे. त्याच्या बायकोला मात्र हसू येत नव्हतं. ती रोज सकाळी बघायला जायची आणि बाळ ओठ घट्ट मिटून घ्यायचं.

"आता तरी डॉक्टरकडे जाऊ या ना," ती म्हणायची.

"येतील गं, दातच ते, कुठे जाणारेत?" असं तो म्हणायचा खरा, पण जीव त्याचाही टांगणीला लागला होता.

त्या दुपारी बायको कामावर गेली होती आणि बाहेरच्या खोलीत निवृत्त हेडमास्तर येऊन बसले होते. संध्याकाळी त्यांचा सत्कार, भाषण त्यांचं, आणि कवळी याच्याकडे दुरुस्तीला. बिचारे कित्येक दिवस नुसती मान हलवून बोलत होते. यानं ऐटीत डबी उघडली. डबी रिकामी! त्याची पाचावर धारण बसली.

"चहा घ्या मास्तर, आलोच," म्हणून त्यानं मास्तरांच्या हातात कप दिला आणि घर पालथं घालायला सुरुवात केली.

पलंगाआडून कुजबुज ऐकू आली. पाच वर्षांची थोरली, जिला सगळे खारुताई म्हणत, धाकट्याच्या गळ्यात रुमाल बांधून बसली होती. शेजारी टॉर्च आणि मांडीवर मास्तरांची कवळी.

"खारुताई! अगं, काय चाललंय हे?"

"तूच म्हणतोस ना, ज्यांना दात नाहीत त्यांना बाबा दात देतो? मग घरातल्याला कोण देणार?" ती फणकारली. "पण ही मोठी होते रे, नुसती ओठांना लावली तरी कळतं. म्हणून मी माप घेतलं."

तिनं मऊ मेणाचा एक चपटा तुकडा पुढे केला. त्यानं तो न बघताच खिशात कोंबला, कवळी उचलली, खळखळून धुतली आणि पळाला. मास्तरांनी ती बसवली, जबडा दोनदा वाजवून बघितला आणि इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य उच्चारलं.

"चहात साखर कमी आहे."

मास्तर गेल्यावर, आता खारुताईची हजेरी घ्यायची, असं ठरवून तो आत आला. पुरावा म्हणून खिशातलं मेण काढलं आणि सवयीनं उजेडाकडे धरलं. हिरडीची वळणदार रेघ छान उमटली होती. तिच्या मधोमध, अगदी जवळजवळ, दोन बारीक खाचा होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडांची मापं वाचलेल्या त्या माणसाला कशासाठी रागवायचं होतं तेच आठवेना.

तेवढ्यात बायको आली. त्यानं मेण तिच्या हातात दिलं. ती बघतच राहिली, मग धावत जाऊन तिनं बाळाच्या तोंडात बोट घातलं.

"आई गं! चावला!" ती ओरडली आणि हसता हसता रडायला लागली. त्याचेही डोळे भरून आले.

खारुताईनं दोघांकडे जरा चिडूनच बघितलं.

"रडताय काय? दोन मी बसवलेत," ती म्हणाली. "बाकीचे बाबानं बसवायचे. माप दिलंय त्याला."