मागे पाहण्याची ड्यूटी

"अडीच हजार वर्षांच्या प्रवासानंतर ग्रीसचे देव आज अमळनेरात दाखल झाले आहेत!" रतिलाल सरांनी उजवा हात आभाळाकडे नेत जाहीर केलं.

"कोन्ती गाडीवर उनात?" रोहिदासने विचारलं.

सरांचा हात आभाळाच्या अर्ध्या वाटेत थांबला. तिथून तो मुकाट्याने खाली आला आणि चष्मा पुसू लागला.

प्रश्नात थट्टा नव्हती. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरी केलेल्या माणसाला, कोणी कुठून आलं म्हटलं की पहिली शंका गाडीचीच येते. ग्रीस कुठे आहे हे रोहिदासला माहीत नव्हतं. पण अडीच हजार वर्षं लागली म्हणजे गाडी चांगलीच लेट झाली, एवढं त्याला कळत होतं.

रतिलाल सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना ग्रीक दंतकथा सांगितल्या, मुलांनी त्या परीक्षेपुरत्या ऐकल्या, आणि आता सूड म्हणून सर त्या सगळ्या कथा खानदेशात आणून बसवत होते. पुस्तकाची तेरा प्रकरणं झाली होती. विजेचा देव झ्यूस हा त्यांच्या कथेत वायरमन होता. तो रागावला की तीन गावांचा फेज जाई. समुद्राच्या देवाला समुद्र द्यायची सोय नसल्यामुळे सरांनी त्याला नगरपालिकेचा व्हॉल्व्हमन केलं होतं. आठवड्यातून एकदा तो किल्ली फिरवी आणि बायका हंडे घेऊन त्याची आराधना करत. शापामुळे जन्मभर डोंगरावर धोंडा ढकलणारा एक राजा होता; तो आता धक्का मारल्याशिवाय चालू न होणारी एक एसटी ढकलत होता.

ही शेवटची कल्पना रोहिदासची. सर शेजारी राहत. रोहिदासची पत्नी कुंदाबाई जानेवारीत गेली, त्यानंतर तो रोज चार वाजता सरांच्या ओट्यावर येऊन बसू लागला. सुरतेहून त्याची मुलगी हेमलता फोनवर बजावायची, "बाबा, घरात एकटे बसू नका, सरांकडे जा." सरांनाही ऐकणारं कोणीतरी हवंच होतं. सरांच्या घरचे लोक तिसऱ्या प्रकरणातच उठून गेले होते.

रोहिदास हसत कमी, शंका जास्त काढी. मृतांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचं नाव खारोन, असं सरांनी सांगितलं तेव्हा तो मान हलवत म्हणाला होता, "खैरनार ना? आमना डेपोमा बी व्हता एक खैरनार. तो बी कोनशी बोले नही."

सरांनी तिथल्या तिथे खारोनचा खैरनार केला. नावेची एसटी झाली. मग उभ्याने किती मृतात्मे न्यायचे, लहान आत्म्याला हाफ तिकीट का, आत्म्याबरोबरच्या कोंबडीचं काय, या सगळ्या बाबतीत रोहिदासचा सल्ला अंतिम ठरू लागला.

"आज चौदावं प्रकरण," सर म्हणाले. "सोमवारी दिवाळी अंकाला पाठवायचंय. ऑर्फियसचं. हसून हसून पोट दुखेल, रोहिदासभाऊ."

आणि त्यांनी वाचायला घेतलं.

ऑर्फियस हा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा. त्याची बायको कापूस वेचताना साप चावून मरते. तो मृतांच्या राज्यात जातो. मृतांचं राज्य म्हणजे धुळ्याचा बसस्टँड. तिथे गाडीची वाट पाहत लोक इतकी वर्षं बसलेले, की आपण मेलोय हे कित्येकांना ठाऊकच नाही. ऑर्फियस असा वाजवतो, असा वाजवतो, की खैरनारसुद्धा तिकिटाचं मशीन खाली ठेवून डोळे पुसतो. पाताळाचा राजा, म्हणजे स्टँडप्रमुख, म्हणतो, घेऊन जा तुझी बायको. ती तुझ्या मागोमाग चालत येईल. अट एकच. गेटाबाहेर पडेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. ऑर्फियस पुढे, बायको मागे. गेट दहा पावलांवर आलं, पाच पावलांवर आलं, आणि तेवढ्यात मागून आवाज येतो, "अहो, पिशवी राहिली!" ऑर्फियस गर्रकन वळतो. बायको नाही. पिशवी तेवढी आहे.

सर थांबले. इथे हसायचं होतं.

रोहिदास समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होता. गार झालेला चहा त्याच्या हातात तसाच होता.

"काय झालं? पिशवीचा विनोद कळला नाही का?"

"कळना," रोहिदास होकाराची मान हलवत म्हणाला. मग सरांकडे वळून, "त्यानी मांगे दखं, म्हनीसन ती गयी?"

"हो. तीच तर गंमत आहे. म्हणजे, शोकांतिका."

"हाई चुकीनं शे, सर."

"अहो, अडीच हजार वर्षं असंच आहे."

"मंग अडीच हजार वरीस चुकीनं शे."

सरांनी कागद मांडीवर ठेवले. रोहिदासने आवाज चढवलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता; आताही त्याने तो चढवला नव्हता. पण कपबशी त्याने खाली ठेवली, आणि ती ठेवताना वाजली.

कंडक्टरचं अर्धं काम तिकिटं फाडणं. उरलेलं अर्धं मागे पाहणं. नव्या पोरांना रोहिदास हेच शिकवायचा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. पण दुसरी घंटी देण्याआधी दारातून मान काढायची आणि मागे पाहायचं. मागचं चाक, दांडीला लोंबकळणारं कॉलेजचं पोर, धोतराचा सोगा पायरीत अडकलेला म्हातारा, लांबून हात करत पळत येणारी बाई. सगळं पाहून झालं की मगच डबल बेल. एकतीस वर्षांत त्याच्या गाडीखाली कोणी आलं नाही आणि त्याच्या गाडीमागे पळणारं कोणी राहिलं नाही. ड्रायव्हरला विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळतो. मागे पाहणाऱ्याला बिल्ला देण्याची पद्धत नाही.

कुंदाबाई मात्र कायम त्याच्या चार पावलं मागे चालायची. लग्नाच्या वरातीनंतर जी मागे पडली, ती चाळीस वर्षं तेवढ्याच अंतरावर राहिली. तिच्यासाठी त्याने कधी मान वळवली नाही. गरज काय? चपलेचा आवाज येत असे.

जानेवारीत तिला दम लागायला लागला, म्हणून तो तिला धुळ्याला दाखवायला घेऊन गेला. डॉक्टरांनी ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाले. दोघं स्टँडवर आले तेव्हा अमळनेरची गाडी फलाटाला लागत होती आणि दारात माणसांची ही गर्दी. लग्नसराई होती.

कुंदाबाईला गाडी लागायची. कंडक्टरच्या बायकोला गाडी लागावी हा डेपोतला जुना विनोद होता. खिडकीची जागा नसली की अर्ध्या वाटेच्या अलीकडेच तिचा चेहरा पांढरा पडे. म्हणून रोहिदास पळाला.

"तुम्ही चाला पुढे," ती मागून म्हणाली. "मी येस."

तो पळाला, खिडकीतून रुमाल टाकला, दोन वऱ्हाड्यांना कोपराने बाजूला केलं आणि वयाच्या साठाव्या वर्षी खिडकीची जागा मिळवली. मग ती राखत बसला. एक हात शेजारच्या सीटवर.

"काका, सरका ना."

"भरेल शे. मानूस येई ऱ्हायनं."

"कधीनं येई ऱ्हायनं! दिसत तं नही."

"मांगे शे," रोहिदास म्हणाला. त्याने मागे पाहिलं नाही. उठलं की जागा जाते.

तेवढ्यात भोंगा खरखरला. *अमळनेर गाडीच्या कंडक्टरने ताबडतोब कंट्रोल रूमला यावे. कंडक्टर, ताबडतोब.* दोनदा पुकारा झाला. दोन्ही वेळा रोहिदासचे पाय आपोआप उचलले गेले, आणि दोन्ही वेळा त्याने ते हसत खाली ठेवले. दोन वर्षं झाली होती रिटायर होऊन. आता पळायची पाळी दुसऱ्याची. बाजूला उभ्या माणसाला तो म्हणालासुद्धा, "आपली ड्यूटी सरनी, भाऊ. आते आपन पॅसेंजर."

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याला त्या दिवशी निवृत्त झाल्याचं सुख वाटलं होतं. एवढं एकच त्याने सरांना सांगताना दोनदा सांगितलं.

गाडीचा तरुण कंडक्टर धावत गेला, पाच मिनिटांनी कपाळाला आठ्या घालून परत आला, दार ओढलं आणि डबल बेल दिली. गाडी हलली. तेव्हा रोहिदासने मान वळवली. गाडीत कुंदाबाई नव्हती. फलाटावरही नव्हती.

त्याने उठून स्वतःच दोरी ओढली. एकच घंटी.

ती कंट्रोल रूमच्या खांबाला टेकून बसलेली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. बोरं विकणारी एक बाई तिच्या तोंडाला पाणी लावत होती आणि ते पाणी हनुवटीवरून खाली येत होतं. डोळे गाडीच्या दिशेला होते.

"हे यजमान का?" कंट्रोलर म्हणाला. "दादा, चार वेळा विचारलं हो. सोबत कोण आहे, नाव सांगा, पुकारतो. बाई नावच घेईनात! 'आमना कंडक्टर, आमना कंडक्टर' एवढंच. अमळनेरला जायचं म्हणाल्या, म्हणून मी त्या गाडीचा कंडक्टर बोलावला. तो म्हणे, मी नही वळखस. तोवर..."

चाळीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात बायका अडवून बसल्या होत्या तेव्हा एकदाच, तेही घास तोंडात ठेवून घेतलं, म्हणून कोणाला नीट ऐकू आलं नाही. रेशनच्या दुकानात ती कार्ड पुढे करी. दवाखान्याच्या खिडकीशी त्याच्याकडे बोट दाखवी. एरवी तो "आमना कंडक्टर" होता. आणि भोंग्याने त्याला दोनदा बरोबर हाक मारली होती.

"हेमलताले मी सांगं, आई मना हातवर गयी," रोहिदास म्हणाला. "मना हात सीटवर व्हता, सर."

ओट्यावर ऊन पायरीपर्यंत उतरलं होतं. सरांना काहीतरी बोलायला हवं होतं. ग्रीकांनी अशा प्रसंगांसाठी बरीच भाषणं लिहून ठेवली आहेत, सरांना त्यांतली चार-पाच पाठही होती. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"तर सांगाना मुद्दा हाऊ," रोहिदास म्हणाला, "तुमनी गोष्टमा बदल करा."

"मला... रोहिदासभाऊ, गोष्ट सगळी त्या वळण्यावरच उभी आहे हो. तो वळला, आणि ती गेली. ते काढलं तर खाली काही राहतच नाही."

"तुम्ही झ्यूसले वायरमन करं. मी बोलनू?"

"नाही."

"समुद्रना देवले नळवर बठाडं. खारोनले खैरनार करं, ते तं मनीच चूक व्हती. अडीच हजार वरीसना देव तुम्ही इस्कटी टाकात, सर. हाऊ एक बिचारा मान मांगे फिरावस, तर त्याले फिराऊ द्या ना. काय बिघडस?"

सरांनी मांडीवरचे कागद उचलले. पिशवीचा विनोद त्यांनी तीन दिवस घासून आणला होता. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली.

"बरं. वळला. मग?"

"मंग काय? ती शेच ना मांगे. चार पावलं. दम लागेल शे, खांबले धरीसन उभी शे. हाऊ खाले उतरस. रुमाल जाऊ दे, सीट जाऊ दे. तिना हात धरस."

सर लिहीत होते. कॉलेजात मुलांना लिहून द्यायचे तसे नव्हे, मुलं लिहून घ्यायची तसे, मान खाली घालून.

"तिने त्याला हाक मारलेली दाखवू का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "नाव घेऊन? म्हणजे त्याला लगेच कळेल."

कडुनिंबावरून एक कावळा उडाला, परत येऊन बसला.

"नको," रोहिदास म्हणाला. "नाव ती घेवाव नही. तिले नका बदलू. त्याले बदला."

"ठीक. हात धरला. मग गाडीत बसतात. खैरनार?"

"खैरनार पहिले दारमातून मांगे दखी. बठ्ठा चढनात का, दखी. मंग डबल बेल."

सरांनी 'डबल बेल' लिहिलं, त्याखाली पूर्णविराम दिला आणि पेनाचं टोपण लावलं. चौदावं प्रकरण संपलं होतं. त्यात हसण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, आणि दिवाळी अंकाच्या संपादकाला काय सांगायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

रोहिदास उठला. चपला घातल्या, पायऱ्या उतरला, फाटकापर्यंत गेला. फाटकाची कडी धरून तो थांबला आणि मागे वळला.

"सर, आखो एक. लिखता येई तर दखा."

"बोला ना."

"तिले खिडकीनी जागा द्या. तिले गाडी लागस."