काठाकाठानं

पुण्यात पिझ्झा कुठं चांगला मिळतो हे विचारायचं असेल तर रिसोडच्या भाजीबाजारात शालिकरामला गाठावं, अशी थट्टा सकाळी हर्राशीच्या, म्हणजे भाजीच्या लिलावाच्या, वेळी चालायची. थट्टा असली तरी तिच्यात खोटं काही नव्हतं. या माणसानं पुणं पाहिलेलं नव्हतं, पिझ्झा तर कधी जिभेवरही ठेवलेला नव्हता. पण वांग्यांच्या कॅरेटवर टेकून तो असा काही बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा रोज संध्याकाळी कोथरूडला फेरी मारून येतो. पातळ, कुरकुरीत काठ पाहिजे तर कोथरूड. जाड, पावासारखा मऊ हवा तर कॅम्पातल्या एका जुन्या बेकरीची माडी. औंधला लाकडाची भट्टी आहे, तिथला काठ फुगतो आणि त्यावर काळे फोड येतात. ते करपलेलं नसतं, ते तसंच असावं लागतं. बाणेरला काठाच्या पोटात चीज भरून देतात, पण तो माणसाला भुलवायचा धंदा आहे, असं त्याचं ठाम मत होतं. मत पोराचं होतं, पण तेवढं तो सांगत नसे.

शेजारच्या वावरातला दौलतसिंग शालिकरामसोबत एकाच ऑटोत भाजी घेऊन यायचा. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, की भाऊ, तुमचे अर्धे दात गेले, तुम्हाला कुरकुरीत काठाचं एवढं काय पडलं आहे? लोक हसले. शालिकरामही हसला. काठाचं त्याला खरोखरच काही पडलेलं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, की पोरानं फोन लवकर ठेवू नये.

शिवम हा त्याचा एकुलता एक मुलगा, चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. त्याचा फोन दर रविवारी संध्याकाळी यायचा आणि तो यायचा आईला. शालिकरामनं उचलला तरी तो ‘बरा आहेस ना’ एवढं विचारून मोकळा व्हायचा आणि फोन सीताबाईच्या हातात द्यायचा. मग ती चुलीपुढं बसून तासभर बोलायची. तिकडं काय शिजतं, खोलीवर कोण राहतं, सर्दी गेली का, सगळं. शालिकराम बाहेर ओट्यावर बसून ते अर्धंमुर्धं ऐकायचा आणि त्याचं पोट भरायचं. बाप-लेकात काही वैर नव्हतं. बोलायची सवय नव्हती, एवढंच. वऱ्हाडात असे बाप पोत्यानं सापडतील, आणि त्यांना आपलं काही चुकतं आहे असं कधी वाटत नाही, जोपर्यंत मधलं माणूस आहे तोपर्यंत.

मधलं माणूस गेल्या पावसाळ्यात गेलं. चार दिवसांचा ताप, वाशिमचा दवाखाना, आणि संपलं. तेरवी झाल्यावर शिवम पुण्याला गेला. पुढच्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला. शालिकरामनं उचलला, ‘बरा आहेस ना’ म्हणाला, आणि सवयीनं फोन धरलेला हात चुलीकडं लांब केला. तिथं कोणी नव्हतं. हात तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यानं तो कानाशी आणला आणि सीताबाई विचारायची तेच विचारलं, की काय जेवला? शिवम म्हणाला, पिझ्झा. कारखान्यातल्या पोरांसोबत गेलो होतो. आता पुढं काय विचारावं हे शालिकरामला कळेना, म्हणून त्यानं विचारलं, कसा असतो तो?

आणि पोरगं बोलू लागलं. भाकरीसारखा गोल असतो, पण काठ जाड असतो आणि वरून भाजलेला. हा काठ असा होता, तसा होता. शालिकराम ‘हं, हं’ करत राहिला. फोन संपला तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि पोरानं इतका वेळ आपल्याशी बोलण्याची ही पहिलीच वेळ आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्या रात्री त्याला बरी झोप लागली.

झालं, त्याला गुरुकिल्ली सापडली. पुढच्या रविवारी त्यानं आपणहून विचारलं, आज कुठला खाल्ला? मग दर रविवारी नवं हॉटेल, नवा काठ. पीठ दोन दिवस आंबवून केलेला. चौकोनी, खाली तेलात तळल्यासारखा. पापडाइतका पातळ, चावला की मोडणारा. शालिकराम मधे मधे प्रश्न घालायचा, म्हणजे गोष्ट लांबावी. मैदा की गहू? भट्टी कोळशाची की लाकडाची? काठाला मीठ किती? आठवडाभर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात पाणी फिरवताना तो पुढचे प्रश्न जमवून ठेवायचा. आणि सोमवारी बाजारात तेच दौलतसिंगला सांगायचा, कारण सांगायला दुसरं घरात कोणी नव्हतं. टीव्ही तो दिवसभर चालू ठेवायचा, पाहत नसे. भाकर टाकायला शिकला होता. एक टाकायचा, ती पुरायची. एका माणसाच्या घरात भांडी फार कमी वाजतात. हे त्याला आधी माहीत नव्हतं.

फोनवर सीताबाईचं नाव मात्र दोघांनीही कधी काढलं नाही.

चैत्रात नवसाचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड गोळे, करायचे ठरले. शिवमला नोकरी लागली तेव्हा सीताबाईनं वावरातल्या मारोतीला रोडगे बोलले होते, आणि ते फेडायचे राहून गेले होते. नवस राहू देऊ नये, म्हणून शिवमनं दोन दिवसांची रजा काढली. शालिकरामच्या मनात आलं, पोरगं एवढ्या लांबून येतं, रविवारही आहे, तर रोडग्यांबरोबर त्याच्यासाठी एक पिझ्झा करावा. कोणाला सांगितलं नाही. रिसोडहून चीजची वडी आणली, घरची ढोबळी मिरची आणि टमाटे होतेच.

इथं त्याचं डोकं फार चाललं. पोरानं सांगितलं होतं, चांगल्या काठाचं पीठ दोन दिवस आधी मळतात. तेव्हा यानं रोडग्याचं जाडंभरडं पीठ दही घालून शुक्रवारीच मळलं आणि चैत्राच्या उकाड्यात झाकून ठेवलं. रविवारी झाकण काढलं तेव्हा दौलतसिंग दोन पावलं मागं सरला. भट्टी नव्हती, पण गोवऱ्यांचा आर, लालभडक निखारा, होता. ज्या रितीनं आपण पानांत गुंडाळून पानगे भाजतो त्याच रितीनं त्यानं तो गोल थापला, वर टमाटे, मिरची, चीज लावलं, खालीवर पळसाची पानं घातली आणि राखेत पुरून टाकला. रोडगे भाजणारी गडीमाणसं हे सगळं पाहत होती. कोणी हसलं नाही. बाईच्या माघारी म्हातारा पोराचे लाड करतो आहे, हे त्यांना दिसत होतं.

मारोतीपुढं पहिला रोडगा ठेवला. पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण, तूप सोडलेला रोडगा. शिवम खाली मान घालून भराभर जेवत होता, पोरगं वर्षभर उपाशी असल्यासारखं. शेवटी शालिकरामनं पानांची जळकी पुडी उघडून त्याच्या पत्रावळीवर ठेवली. चीज अर्धं राखेत गेलं होतं, उरलेलं पानाला चिकटलं होतं. काठ मात्र फुगला होता आणि त्यावर काळे फोड आले होते.

“औंधवानी झाला ना?” शालिकरामनं विचारलं.

शिवमनं फोडांवरची राख फुंकली. मग म्हणाला, झाला. आणि त्यानं काठ मोडून खाल्ला. सगळीकडून, गोल फिरत, काठच तेवढा खाल्ला. शालिकराम समाधानानं पंगतीत वरण वाढायला वळला. परत पाहिलं तर शिवम मधला चीजचा भाग पत्रावळीखालून हळूच कुत्र्याकडं सरकवत होता.

त्याला राग आला नाही. लाज वाटली. आंबलेलं पीठ, राख, पानं; पुण्याच्या पोराला हे कसं जाईल, असं वाटून तो दिवसभर पोराकडं न पाहता कामं उरकत राहिला. पाहुणे गेल्यावर दोघं विहिरीजवळ भांडी घासायला बसले तेव्हा त्याला राहवलं नाही.

“बिघडला असंन त सांगाचं ना,” तो म्हणाला. “कुत्र्याले कायले टाकला?”

“बिघडला नाई बाबा.” शिवम राखेनं वरणाचा गंज घासत राहिला. “मले चीज सोसत नाई. खाल्लं का रातभर पोट दुखते.”

“कवापासून?”

“पहिल्यापासून. त्या दिवशी पोरांसंग गेलो तवाच समजलं होतं.”

शालिकरामला काही उमगेना. मग हे दर रविवारचं? कोथरूड, कॅम्प, औंध? हे सगळं खोटं होतं का? शिवम म्हणाला, खोटं एकही नव्हतं. दर रविवारी तो खरोखर जायचा, एकटा. एक पिझ्झा मागवायचा, कडेकडेनं काठ खायचा आणि मधला भाग ठेवून द्यायचा. म्हणून तर त्याला काठाचंच सांगता यायचं. एका हॉटेलातला पोऱ्या त्याला ओळखू लागला होता, साहेब बिघडलं का म्हणून विचारायचा.

“पण कायले जात होता?”

“तुमी इचारत होते ना,” शिवम म्हणाला. “तुमाले आयकाले आवडते, असं वाटे. दुसरं काय बोलाव तुमच्यासंग, मले समजेच ना.”

शालिकरामनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. आपल्याला पिझ्झ्याचं काडीचं कौतुक नाही, तू फोन ठेवशील म्हणून आपण विचारत होतो, हे त्यानं सांगून टाकलं. सांगताना त्याला हसू आलं. शिवमही हसला. दोघं थोडा वेळ मोकळे हसले, आणि मग ते हसणं थांबलं तेव्हा दोघांनाही एकदमच कळलं, की आता रविवारी बोलायला काहीच उरलेलं नाही.

सोमवारी रिसोडच्या स्टँडवर तो पोराला सोडायला गेला. एसटी येईपर्यंत दोघं शेजारी उभे होते. ऊन फार आहे, असं शालिकराम म्हणाला. हो, असं शिवम म्हणाला. गाडी आली, बॅग वर गेली.

पुढचा रविवार आला. शालिकरामनं दुपारीच फोन चार्जिंगला लावला. संध्याकाळी ओट्यावर बसला. दौलतसिंग रस्त्यावरून जाताना ओरडून विचारून गेला, की आज कुठला काठ? त्यानं हात हलवला. दिवेलागण झाली, गायी घरी आल्या, समोरच्या घरातून फोडणीचा वास आला. फोन वाजला नाही. पोराचंही बरोबर होतं. काय म्हणून फोन करील तो? काय जेवला असं विचारलं तर वरणभात म्हणेल, आणि वरणभाताचं पुढं काय विचारायचं? आठवडाभर वाफ्यात पाणी फिरवताना त्याला एकही प्रश्न सुचला नव्हता. घरात टीव्हीवर कोणीतरी बोलत होतं. त्यानं उठून तो बंद केला, आणि घर इतकं गप्प झालं की तो पुन्हा बाहेर आला.

त्यानं आजवर पोराला स्वतःहून कधी फोन लावला नव्हता. तिकडूनच यायचा. चष्मा लावून त्यानं नाव शोधलं, दाबलं, आणि वाजू लागला तसा दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“बाबा?” शिवमचा आवाज घाबरलेला होता. “काय झालं?”

“काई नाई झालं.”

पलीकडं गाड्यांचे आवाज येत होते. पोरगं रस्त्यावर कुठं तरी उभं असावं. काय जेवला, एवढं शालिकरामच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं विचारलं नाही.

“मले करमत नाई, शिवम,” तो म्हणाला. “तुही माय गेली तवापासून एक दिस करमलं नाई.”

फोन तुटला की काय म्हणून त्यानं तो कानापासून दूर करून पाहिला. चालू होता.

“शिवम?”

“आयकून राह्यलो बाबा.” मग नाक ओढल्यासारखा आवाज. “मले बी नाई करमत.”

त्यानंतर दोघंही काही बोलले नाहीत, आणि फोनही कोणी ठेवला नाही.