काजळाचं बोट

कर्र… पाळण्याची कडी वाजली आणि ओसरीवर पाखडत बसलेल्या मैनाच्या हातातलं सूप थांबलं. पोळ्याला बाळ गेलं, तेव्हापासून ती कडी गप्पच होती. बाळापुरावर भरदुपारची गुंगी पसरली होती. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांतले कापसाचे पुंजके तेवढे उंबऱ्याच्या आत तरंगत येत होते.

ती आत गेली. चंद्रभान रिकामा पाळणा उतरवत होता.

"हे काय करून राहिले?"

"चोरकप्प्याले लाकूड पायजे." त्यानं मान वर केली नाही. "जंगलातून येते थो साग ओला. पावसात फुगते, कप्पा अटकते, मंग साहेबाचं गुपित चवाट्यावर! सारं गाव कापसाचे गाडे बनवून राहिलं, जुनं लाकूड भेटते कोठी? हा पाळणा माह्या आबाच्या हातचा. आता फुगत नाही का वाकत नाही."

अकोल्याच्या कापूसवाल्या साहेबाचं विलायती घडणीचं कपाट ओसरीत मखरासारखं उभं होतं. कोपऱ्यातलं कोरीव फूल दाबलं की मागची फळी सरकायची. आत नुसती पोकळी होती, कप्पा बसायचा बाकी होता. उद्या गाडी येणार. जन्मभर शेतीची वखरं नि डवरे केलेल्या चंद्रभानच्या हातांचं असलं काम पहिलंच.

"साहेबाचं गुपित झाकाले माह्याच लेकराचा पाळणा सापडला काय?"

चंद्रभाननं पटाशी खाली ठेवली. "तू नाही म्हन. परत टांगून देतो. साहेबाले सांगतो, जमलं नाही."

मैना पाळण्याशी बसली. उशाच्या फळीवर काळा डाग होता. बाळाला तीट लावून झाली की ती बोट तिथंच पुसायची. अजूनही झोपेत तिचा हात दोरी ओढायचा. जागी झाली की मुठीत काहीच नसायचं. तिनं डागावर बोट टेकवलं.

"ह्या बाजूनं रंधा नका फिरवू."

"तळाले टाकतो, खालच्या अंगानं," तो हळूच म्हणाला. "कोनाच्या बापाले दिसत नाही."

सकाळी गाडी अकोल्याच्या वाटेला लागली. गोणपाटात गुंडाळलेलं कपाट कापसात रुतून बसलं होतं आणि वाटेच्या खाचखळग्यांनी हलके हलके डुलत होतं, जणू कुणी जोजवतंय. ते दिसेनासं होईतो मैना दारात उभी राहिली. घरात आढ्याच्या दोन्ही कड्या मोकळ्या लोंबत होत्या. लहानगी कौशल्या त्यांच्याकडे पाहत आली नि तिनं आईचा पदर ओढला.

"माय, बाळ वापस आलं तं त्याले कोठी निजवशीन?"