एकविसावी सुई

सुईवालीच्या दवाखान्यात नियम एकच होता, पण तो भलता कडक होता. जितक्या सुया घातल्या तितक्या काढायच्या, मोजायच्या, आणि आकडा जुळल्याशिवाय रोग्याला पलंगावरून उठू द्यायचं नाही. स्टीलच्या ट्रेमध्ये एका बाजूला रिकामी पाकिटं, दुसऱ्या बाजूला वापरलेल्या सुया. दोन्ही सारख्या भरल्या की मगच सुया टाकायच्या डब्यात. ज्या म्हाताऱ्या गुरूंकडे ती हे चिनी उपचार शिकली, ते सांगायचे, "नाडी चुकली तर मी बोलणार नाही. मोजणी चुकली तर मला तोंड दाखवू नकोस." गुरू गेले, पण त्यांचा धाक काही गेला नाही. चौदा वर्षांत एकदाही आकडा चुकला नव्हता.

चुकला तो नणंदेच्या वेळी. आणि का चुकला म्हणाल, तर भीतीने. दुसरं काही नाही.

ही नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. जन्ममृत्यू नोंदणीच्या कार्यालयात मुख्य कारकून. मेलेल्या माणसाचा दाखला हवा असेल तर त्याला स्वतः यायला सांगेल, अशी तिची ख्याती. कार्यालयात तिच्या चपलांचा आवाज आला की माणसं उगाच कागद चाळायला लागत. घरी तर विचारूच नका. दोन गल्ल्या सोडून राहायची, पण तिची नापसंती इथपर्यंत ऐकू यायची. ‘सुईवाली’ हे नाव तिनेच ठेवलेलं. "शिकून शिकून काय शिकली, तर माणसांना टोचायला!" असं ती चारचौघांत म्हणाली, आणि ते नाव असं चिकटलं की दवाखान्याच्या पाटीवर खरं नाव असूनही कोणी ते वाचत नसे.

भावजयीला या नावाचं फारसं वाईट वाटत नव्हतं. तिला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. अठरा वर्षं झाली लग्नाला, या अठरा वर्षांत नणंदेने एकदा, फक्त एकदा बरं म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. भाजीला, पडद्यांना, मुलीच्या वेणीला, कशालाही. चाळिशी उलटलेली बाई, शहरभर लोक तिचे गुण गातात, आणि ही एका शब्दासाठी झुरतेय! पण असतं बाबा तसं. ज्याच्याकडून मिळत नाही, त्याच्याकडूनच हवं असतं.

तर ती नणंद एका बुधवारी संध्याकाळी दवाखान्यात येऊन उभी राहिली. अर्धं डोकं तीन आठवडे ठणकत होतं. सगळे डॉक्टर झाले होते, गोळ्या झाल्या होत्या.

"टोच काय टोचायचं ते," ती म्हणाली. "पण लवकर आटप."

सुईवालीने आधी नाडी बघितली, तीन बोटं ठेवून, दोन्ही मनगटांची. मग म्हणाली, "ताई, जीभ दाखवा."

नणंदेने जीभ बाहेर काढली. अठरा वर्षं जिचे फटके खाल्ले, ती जीभ सुईवालीने पहिल्यांदाच इतक्या जवळून, बॅटरीच्या उजेडात बघितली. कडा लालभडक. चिनी वैद्यकात याचा अर्थ सरळ आहे : यकृतात उष्णता साचलीय आणि ती डोक्याकडे चढतेय. राग गिळणाऱ्या माणसाचं असं होतं, असं पुस्तकात लिहिलेलं. सुईवालीला वाटलं, पुस्तकच चुकलेलं दिसतंय. या बाईने राग गिळलाय कधी?

सुया घालून झाल्या. पायाच्या अंगठ्याशेजारी, हातांवर, कानशिलाला, मानेला, आणि शेवटची टाळूवर, अंबाड्याच्या जरा पुढे, जिथे शंभर वाटा एकत्र येतात असं म्हणतात त्या बिंदूवर. एकूण एकवीस. अर्ध्या तासाने ती सुया काढायला लागली. सतरा, अठरा, एकोणीस...

"झालं का नाही तुझं? मला काय इथे वस्तीला ठेवतेस?"

सुईवालीने घाबरून घाईघाईने पुढची उपसली. वीस. झालं. "झालं ताई, उठा!" आणि ताई उठल्या, चपला घातल्या आणि गेल्यासुद्धा.

जीव भांड्यात पडल्यावर तिने ट्रेकडे बघितलं. पाकिटं एकवीस. सुया वीस.

तिने परत मोजलं. पलंगाखाली बघितलं, उशी झटकली, गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवला. कुठे काही नाही. म्हणजे सुई नणंदेच्या टाळूवर होती. फोन करून सांगायची तिची छाती झाली नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि सकाळी डब्यात भाजी भरून, पर्समध्ये चिमटा ठेवून ती निघाली. भाजीच्या निमित्ताने जायचं, बोलता बोलता मागे जाऊन सुई उपटायची, असा बेत.

दार नणंदेने उघडलं. आणि हसली.

आता हे वाचणाऱ्याला काय कळणार! ज्याने ते तोंड अठरा वर्षं बघितलंय त्यालाच त्या हसण्याची भीती कळेल. "ये ना, बस," नणंद म्हणाली. "डोकं पार उतरलं बघ. काल रात्री मेल्यासारखी झोपले." तिने तिथेच डबा उघडला, चमच्याने भाजी चाखली आणि म्हणाली, "छान झालीय भाजी."

सुईवालीचा हात पर्समध्ये चिमट्यावर होता. तो तिथेच राहिला. ती कशीबशी "येते ताई" म्हणाली, जिन्यात आली आणि कठड्याला धरून ढसाढसा रडली. मग तिच्या लक्षात आलं की भाजी छान आहे असं ताई म्हणाल्याच नाहीत. सुई म्हणाली.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बिचारा साधा माणूस. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "राहू दे."

"अहो, राहू दे काय? सुई आहे डोक्यात!"

"छोटीच आहे ना?"

सासूबाई तर उभ्याच राहिल्या. "खबरदार हात लावशील तर! पोटची पोर आहे माझी, पण आज सकाळी फोनवर ‘आई, जेवलीस का’ विचारलं तिने. चाळीस वर्षांत पहिल्यांदा." नणंदेच्या यजमानांना कळलं तेव्हा ते दवाखान्यात आले, दार लावलं आणि चक्क हात जोडले. म्हणाले, आज त्यांनी वर्तमानपत्र स्वतःच्या घरात मोठ्याने वाचलं आणि त्यांना कोणी गप्प बसवलं नाही.

मग काय, नणंद सोडून सगळ्यांना कळलं. कोणी कोणाला सांगितलं देव जाणे. सगळे मिळून त्या सुईला डोळ्यात तेल घालून जपायला लागले. यजमानांनी उशीला मधोमध भोक पाडून घेतलं. घरातला छताचा पंखा एका नंबरवर आला, वाऱ्याने सुई हलायला नको म्हणून. केस कापणारीला कोणीतरी आधीच गाठलं, ती नणंदेला म्हणाली, "बाई, तुमच्या केसांना या महिन्यात कात्री लावू नये." का लावू नये ते तिलाही माहीत नव्हतं. आणि यजमान रस्त्यात बायकोच्या मागून उघडी छत्री धरून चालायला लागले. वर कावळे बसतात, एवढंच सांगायचे.

सोमवारी कार्यालयातले नऊ जण दवाखान्यात आले. हातात अर्ज. त्रेचाळीस सह्या. ‘आमच्या मुख्य कारकूनबाईंच्या मस्तकी असलेली सुई कार्यालयीन कामकाजाच्या हितास्तव कायम ठेवावी, ही विनंती.’ खाली रबरी शिक्का. त्यांचा पुढारी, एक टकलू लेखनिक, गहिवरून म्हणाला, "बाई, शुक्रवारी त्यांनी एका माणसाला दाखला दिला. पहिल्याच खेपेला! तो माणूस रांगेत परत जाऊन उभा राहिला, त्याला पटेचना."

आणि मग रोगी यायला लागले. रोगी कसले, रोग्यांना धरून आणणारे! कोणी नवऱ्याला आणलं, कोणी शेजारणीला, एकाने तर घरमालकाला फसवून आणलं. सगळ्यांचं एकच मागणं. "घाला आणि विसरा."

"अहो, असं ठरवून विसरता येत नाही," सुईवाली सांगून सांगून थकली.

"प्रयत्न तर करा!"

तिच्या नाकी नऊ आले. पण खरा त्रास हा नव्हता. रोज नणंदेचा फोन यायचा. आज काय केलंस, मुलीची परीक्षा कशी झाली, ते निळे पडदे छान दिसतात गं. जे जे अठरा वर्षं हवं होतं ते सगळं येत होतं, आणि यातलं काहीच आपलं नाही हे तिला माहीत होतं. उसन्या दागिन्यांत मिरवल्यासारखं वाटायचं. त्यात सुई अकरा दिवस अंगात! जागा सुजेल, पिकेल, काहीही होईल. आणि ट्रे तर रोज तोंडासमोर. वीस आणि एकवीस. तिने तो ट्रे अजून उचलला नव्हता.

बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, तिने चिमटा, कापूस आणि स्पिरिट घेतलं. नवरा आडवा आला. "विचार कर. उद्यापासून परत तेच."

"असू दे," ती म्हणाली. "मला खोटं बरं ऐकायचं नाही, खरं वाईट चालेल." असं म्हणाली खरी, पण वाटेत ती दोनदा मागे वळली.

बातमी पुढे गेलेलीच होती. नणंदेच्या दिवाणखान्यात सासूबाई, यजमान, टकलू लेखनिक आणि आणखी दोन सह्या करणारे ओळीने बसले होते, ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात तसे. सुईवाली कोणाकडे न बघता आतल्या खोलीत गेली.

"ताई, टाळू दाखवा. माझ्याकडून चूक झालीय. तुमच्या डोक्यात एक सुई राहिलीय."

नणंदेने उठून दाराला आतून कडी घातली. मग कपाटातून चष्म्याचं घर काढलं आणि उघडून पुढे धरलं. आतल्या मखमलीत एक सुई नीट टोचून ठेवलेली. बारीक, चकचकीत.

"त्याच संध्याकाळी निघाली. केस विंचरताना," नणंद म्हणाली.

"मग... तुम्हाला माहीत होतं?" सुईवालीने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी कळलं. आमचे हे न्हाणीघरात जाऊन फोनवर कुजबुजत होते. यांचं कुजबुजणं म्हणजे दोन मजले खाली ऐकू जातं. ‘सुई आहे तोवर सुख आहे’ म्हणे. अशी तळपायाची आग मस्तकात गेली! म्हटलं, आत जाऊन सुईच घालते यांच्या..." ती थांबली. पलंगावर बसली. "मग वाटलं, एवढी माणसं एका सुईच्या पाया पडतायत. म्हणजे मी काय असेन."

बाहेर कोणीतरी खोकलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

"मग म्हटलं, बरं झालं," नणंद पुढे बोलायला लागली, खाली बघत. "मला कधीचं थांबायचं होतं गं. पण इतकी वर्षं करवादल्यावर माणूस एका सकाळी उठून गोड कसं बोलणार? लोक विचारणार, काय झालं? कोणाशी वाईटपणा आला? काम आहे का काही? सुई आहे म्हटल्यावर कोणी काही विचारलं नाही. त्या भोक पाडलेल्या उशीचा ताप तेवढा सहन करतेय. मान अवघडलीय माझी."

सुईवाली तिच्या शेजारी बसली. तिला एकच विचारायचं होतं आणि तेच तोंडातून निघेना. शेवटी निघालं. "आणि ती भाजी? पहिल्या दिवशी?"

"भाजीचं काय?"

"छान म्हणालात."

"अगं, तेव्हा मला सुईबिईचं नाटक कुठे माहीत होतं? तीन आठवड्यांनी डोकं उतरलेलं, गाफील होते. निघून गेलं तोंडातून." नणंदेने चष्म्याचं घर मिटलं आणि तिच्या हातात दिलं. "तुझी भाजी नेहमीच चांगली असते. पहिल्यापासून."

सुईवालीने चिमटा पर्समध्ये ठेवला. ठेवताना तो तीनदा हातातून पडला.

मग नणंद हळूच म्हणाली, "बाहेर काय सांगशील?" आणि तिच्या आवाजात चक्क भीती होती.

सुईवालीने डोळे पुसले, कडी काढली. सगळे उठून उभे राहिले. चौदा वर्षांत ती रोग्यांशी एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि रोग्यांच्या नातेवाइकांशी तर मुळीच नाही.

"खोल गेलीय," ती म्हणाली. "आता निघणार नाही. जन्मभर राहील, पण धोका काही नाही."

सासूबाईंनी आकाशाकडे हात जोडले. टकलू लेखनिक रडायलाच लागला. यजमानांनी आनंदाच्या भरात पंखा पूर्ण जोरात केला.

"तो पंखा कमी करा! टेबलावरचे कागद उडतायत, दिसत नाही का कोणाला?" आतून आवाज आला. जुना, खणखणीत, भिंती हलवणारा.

सगळे जागच्या जागी थिजले. सगळ्यांची तोंडं सुईवालीकडे वळली.

"सुई जरा सरकली असेल," ती म्हणाली. "तीही माणसातच राहते. रोज एकसारखी कशी चालेल?" आणि तिने स्वतःच जाऊन पंखा कमी केला.

संध्याकाळी दवाखान्यात येऊन तिने दिवा लावला, चष्म्याचं घर उघडलं आणि सुई ट्रेमध्ये बाकीच्यांच्या शेजारी ठेवली. एकेका सुईवर बोट ठेवत सावकाश मोजलं. एकवीस पाकिटं, एकवीस सुया. मग त्या डब्यात टाकल्या, आणि उद्या ताईंकडे जाताना साधी, बिनभोकाची एक उशी न्यायची, असं तिने कागदावर लिहून ठेवलं.